सासूचं नाक

मंगळवार, ४ एप्रिल. सकाळी नळाला पाणी बारीक. इस्त्रीवाल्याने एक पलंगपोस कमी आणला, त्याला परत पाठवलं. दुपारच्या टपालाने दोन्ही पासपोर्ट आले. माझा फोटो माझ्यासारखा आहे. धाकटीचा नाही. तिला म्हटलं, हे नाक तुझं नव्हे. ती म्हणाली, फोटोत असंच येतं. संध्याकाळी दूध उतू गेलं.

ही नोंद थोरलीच्या वहीतली. थोरली एकाहत्तर वर्षांची. बाराव्या वर्षी कॉन्व्हेंटमधल्या एका सिस्टरनी तिला वही दिली आणि सांगितलं, जे झालं तेवढंच लिहायचं. जे वाटलं ते देवाला सांगायचं. तेव्हापासून दिवे लागले की ती एक पान लिहिते, पेन्सिलीने, कारण शाई फुटते. नवरा गेल्यावर ती धाकटीकडे राहायला आली, की धाकटी तिच्याकडे, यावर दोघींचं अजून एकमत झालेलं नाही.

धाकटी बारा वर्षांनी लहान. शाळेत तिचं मन कधी रमलंच नाही. घराखालच्या पार्लरमध्ये ती पंधराव्या वर्षी केस झाडायला लागली, सतराव्या वर्षी कापायला. पुढे चारशे तरी नवऱ्या तिने नटवल्या. स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं. कोणी विचारलं तर म्हणायची, "अहो, लग्नाच्या दिवशी मला सुट्टी कुठे असते?" मग नाटकवाल्या एका म्हाताऱ्या रंगभूषाकाराने तिला हाताखाली घेतलं. सगळे त्याला दादा म्हणत. त्याने तिला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, रंग बोटाने लावायचा, ब्रशने नुसता पुसायचा. दुसरी, आरसा गिऱ्हाइकाचा. त्यात स्वतःकडे बघायचं नाही, हात चुकतो.

हे दुसरं तिने इतकं मनावर घेतलं, की गेली एकोणतीस वर्षं टीव्हीच्या स्टुडिओत सहा आरशांसमोर दिवसभर उभी राहूनसुद्धा आपल्या डाव्या गालावर तीळ आहे की उजव्या, हे तिला विचार करून सांगावं लागे. बाकी साऱ्या स्टुडिओचे तीळ तिला तोंडपाठ होते. तिचं खरं कसब म्हणजे कंटिन्युइटी. मालिकेत नायिका सोमवारी रडत दाराबाहेर पडते आणि दाराबाहेरचा रस्ता गुरुवारी चित्रित होतो. पण बघणाऱ्याला तो एकच क्षण दिसायला हवा. कपाळावरची बट तीच, काजळ तेवढंच ओघळलेलं. त्यासाठी धाकटी प्रत्येकीचे तीन फोटो काढून ठेवायची, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, आणि गुरुवारी ते फोटो बघून सोमवारचा चेहरा जसाच्या तसा उभा करायची. सेटवर तिला सगळे मावशी म्हणत. वयाने मोठे असलेलेसुद्धा.

मेकअपच्या खोलीत, मधल्या आरशावर, एक कॅलेंडर होतं. कुठल्याशा रंगाच्या कंपनीचं, कधीच सरलेल्या वर्षाचं. त्यावर एक तळं, मागे बर्फाचा डोंगर, आणि पाण्यात एक पांढरी बोट. नायिकांच्या डोक्यावरून धाकटीची नजर एकोणीस वर्षं त्या बोटीवर जात आली होती. खालच्या कोपऱ्यात गावाचं नाव छापलेलं होतं. ते तिने कागदावर उतरवून घरी थोरलीकडून वाचून घेतलं होतं, आणि एक दिवस तिथे जायचं हे तिने ठरवून टाकलं होतं. फक्त सुट्टी मिळायची खोटी होती.

ती मिळाली सासूमुळे. मालिकेतली खाष्ट सासू जिन्यावरून पडून कोमात जाणार असं लेखकाने ठरवलं. कोमाचे आठ भाग एका दिवसात चित्रित झाले. झोपलेल्या बाईला कसली आली कंटिन्युइटी! मावशींना आठ दिवस रजा.

आणि पासपोर्टाची गडबडही सासूनेच केली. दोन वर्षांपूर्वी ती भूमिका नवीन होती. दिग्दर्शकाला सासू नाकाने घारीसारखी आणि भुवयांनी मांजरीसारखी हवी होती. नटीबाई रंग आधी आपल्या तोंडाला लावून घ्यायला तयार नव्हत्या. "मावशी, आधी तुमच्या चेहऱ्यावर दाखवा, मग बघू," म्हणाल्या. धाकटीने स्वतःच्या चेहऱ्यावर नाक काढलं, दोन्ही बाजूंना गडद सावली, शेंड्याला आकडा, भुवया टोकदार, केस करकचून मागे. दिग्दर्शक खूश झाला, नटीबाई बसल्या, काम सुरू झालं. मग यंदा मार्चमध्ये नटीबाईंनी पुन्हा तक्रार काढली की नाक हल्ली जाड दिसतं. पुन्हा धाकटीच्या चेहऱ्यावर नवीन नाक. ते होईपर्यंत पावणेसहा झाले. स्टुडिओच्या गल्लीतला फोटोवाला सहाला बंद करायचा आणि फॉर्म दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. धाकटी धावत गेली, स्टुलावर बसली, फोटो काढला, धावत परत आली, आणि घरी येऊन रोजच्यासारखं तोंड धुतलं. चेहऱ्यावर सासू आहे हे तिच्या गावीही नव्हतं. फोटोच्या पाकिटात तिने फक्त एवढंच पाहिलं की पाठीमागचा पडदा पांढरा आला आहे.

मे महिन्याच्या त्या शुक्रवारी दोघी परदेशच्या विमानतळावर उतरल्या. निघताना थोरलीने धाकटीची मेकअपची पेटी कपाटात कुलूपबंद केली होती. "आठ दिवस कुणाच्या तोंडाला हात लावायचा नाहीस," असा हुकूम होता. आपल्याकडच्या अधिकाऱ्याने सकाळच्या गर्दीत न बघता शिक्का मारला होता, त्यामुळे धाकटी अगदी निर्धास्त होती. इथे मात्र माणसाच्या आधी यंत्र होतं. काचेच्या फाटकासमोर उभं राहायचं, पासपोर्ट ठेवायचा, वर बघायचं. थोरली हिरव्या दिव्यात पलीकडे गेली. धाकटीला लाल दिवा लागला. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा लाल, आणि चष्मेवाला एक तरुण अधिकारी आला.

त्याने पासपोर्टात बघितलं, धाकटीकडे बघितलं. मग थोरलीला परत बोलावून इंग्रजीत विचारलं, हा तुमच्या बहिणीचाच फोटो ना?

इथे दुसरी कोणी असती तर हो म्हणून मोकळी झाली असती. पण थोरली नाकासमोर चालणारी. तिने चष्मा लावला, फोटो नीट पाहिला आणि शाळेतल्या ताठ इंग्रजीत सांगितलं, बहीण माझीच आहे, पण फोटोत फारसं साम्य नाही.

पाच मिनिटांत दोघी एका बंद खोलीत होत्या.

"काय सांगितलंस गं त्याला?" धाकटीने विचारलं.

"खरं ते."

"साठ वर्षं खरं बोललीस, एक दिवस दांडी मारली असतीस तर सिस्टर काही स्वर्गातून छडी घेऊन आल्या नसत्या!"

खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, कॉफीचं यंत्र, घड्याळ, आणि एका भिंतीला लांबलचक काळी काच. घड्याळात पावणेतीन. चष्मेवाल्याच्या वरच्या बाई आल्या. केस पांढरे, आखूड, आणि मागे जरा चुकीचे कापलेले. हे धाकटीच्या पटकन लक्षात आलं. बाईंनी शांतपणे सांगितलं आणि थोरलीने भाषांतर केलं. "म्हणतायत, साडेचारला आपल्याकडे जाणारं विमान आहे. चारपर्यंत खात्री पटली नाही, तर तुला त्यात बसवणार."

"आणि तुला?"

"मी इथे एकटी राहून काय डोंगर मोजू?"

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. एकोणीस वर्षांचं तळं त्या भिंतीपलीकडे होतं, रेल्वेने दीड तासावर, आणि आपण चौकशीच्या खोलीत!

"विचारतायत, तुझा दुसरा एखादा फोटो आहे का? फोनमध्ये?"

धाकटीने फोन दिला. अधिकारीबाई बोटाने एकेक फोटो सरकवू लागल्या आणि त्यांच्या भुवया वर वर चढत गेल्या. चार हजार फोटो. सगळ्या बायका. प्रत्येकीचे तीन, समोरून, डावीकडून, उजवीकडून. आणि त्यात धाकटीचा एकही नाही.

"पोलीस ठाण्यात असतात तसले फोटो आहेत गं तुझे," थोरली कुजबुजली. "ह्यांना वाटतंय तू माणसं पळवतेस."

तेवढ्यात बाईंचं बोट थांबलं. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, शेजारी पासपोर्ट ठेवला. फोनमध्ये सासू होती. तेच नाक, त्याच भुवया. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

थोरली म्हणाली, "विचारतायत, हा पासपोर्ट ह्या बाईचा दिसतो. मग तू कोण?"

धाकटीने दोन्ही चेहरे बघितले. आपला म्हणून नव्हे, तर कामाचा म्हणून, जसा दुसऱ्या कुणाचाही बघते तसा, आणि पहिल्यांदाच तिला तो दिसला.

"अगं बाई!" ती ओरडली. "हे तर सासूचं नाक!"

"म्हणजे?"

"म्हणजे मी! म्हणजे नटीबाई! अगं, त्या दिवशी तोंड धुवायचं राहिलं!"

थोरलीने कपाळाला हात लावला. "आता हे इंग्रजीत कसं सांगू?"

"सांगू नकोस. दाखवते. त्यांना म्हणावं, मला वीस मिनिटं द्या. आणि कॉफी."

कॉफीचं कळल्यावर बाईंनी यंत्राकडे बोट केलं. "प्यायची नाही, कोरडी पावडर हवी," धाकटी म्हणाली, आणि थोरलीची पर्स टेबलावर उलटी केली. कोल्ड क्रीमची डबी, टाल्कम पावडरचा छोटा डबा, वहीची मऊ पेन्सिल, कागदपत्रांना लावलेले दोन रबर. "पेटी कुलपात ठेवलीस ना? आता बघ तुझ्याच पर्समध्ये माझं दुकान."

चमचाभर क्रीम, त्यात कॉफी. तळहातावर बोटाने घोटली आणि ती खुर्ची फिरवून काळ्या काचेसमोर बसली. काचेमागे माणसं उभी राहून इकडे बघत असतात हे तिला ठाऊक नव्हतं. तिला तो आरसा वाटला, आणि इतकी वर्षं ज्याच्याकडे पाहिलं नाही त्या चेहऱ्याकडे ती अगदी टक लावून बघू लागली. नाक खरं तर बसकं आणि साधं होतं. तीळ डाव्या गालावर होता. "बरी आहे की," ती पुटपुटली, आणि कामाला लागली.

पासपोर्ट फोटोच्या पानावर उघडून टेबलावर उभा केला. नाकाच्या दोन्ही बाजूंना कॉफीची सावली, मध्ये पावडरची रेघ. शेंड्याचा आकडा दोनदा पुसून पुन्हा काढला. पेन्सिल जिभेला लावून भुवया ओढल्या. केस रबराने इतके ताणून बांधले की डोळे आपोआप तिरके झाले. मध्येच ती थांबली, फोटो जवळ घेतला आणि उजव्या कानावरचे चार केस मोजून मोकळे सोडले.

"ते कशाला?" थोरलीने विचारलं.

"फोटोत आहेत."

तीन वाजून अठरा मिनिटांनी ती उठली आणि वळली. हनुवटी वर, पापण्या अर्ध्या, एक भुवई किंचित उंच. थोरली नकळत एक पाऊल मागे सरकली. दारात चष्मेवाला होता, त्याच्यामागे आणखी तिघे, आणि काचेपलीकडून कोणीतरी मोठ्याने हसल्याचा आवाज आला.

अधिकारीबाईंनी पासपोर्ट तिच्या चेहऱ्याशेजारी धरला. धाकटीला पुन्हा त्या काचेच्या फाटकापाशी नेलं. पासपोर्ट ठेवला. वर बघितलं. यंत्राने क्षणभर विचार केला आणि हिरवा दिवा लागला.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. बाई हसत हसत थोरलीशी बराच वेळ बोलल्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, घरी गेल्यावर नवीन फोटो काढा. आणि परत जाताना हीच सासू घेऊन या, नाहीतर इकडेच राहाल."

"आणि शेवटी मानेकडे हात करून काय विचारत होत्या?"

"त्यांचे केस मागून कसे दिसतात ते."

"मग?"

"मी खरं ते सांगितलं."

धाकटीने डोळे मिटले. पण बाई त्यावरही हसल्या होत्या.

सामान घेऊन, धावत, त्यांनी रेल्वे पकडली. डब्यात समोरची माणसं धाकटीकडे बघून जरा अंग चोरून बसली होती. तोंड धुवायला वेळच मिळाला नव्हता. तळ्यावरची शेवटची बोट सहाला होती. पावणेसहाला त्या धक्क्यावर पोचल्या. डोंगर होता. त्यावर बर्फ होतं, कॅलेंडरपेक्षा थोडं कमी. बोट पांढरी होती, कठड्याला मात्र आता निळा रंग दिला होता.

"कंटिन्युइटी चुकली," धाकटी म्हणाली आणि कठड्याला धरून उभी राहिली. बोट सुटली.

मग थोरलीने रुमाल पाण्याने ओला केला. "ये इकडे. एकोणीस वर्षं वाट बघून आलीस, ती काय ह्या भवानीला तळं दाखवायला?" तिने धाकटीची हनुवटी धरून नाक पुसलं, भुवया पुसल्या, केसांचे रबर काढले. लहानपणी शाळेत पाठवताना पुसायची तसंच, जरा जोरात.

"हळू गं! कातडं माझंच आहे ना."

"आता तिथे उभी राहा. फोन दे."

"कशाला?"

"चार हजारांत तुझा एक तरी असू दे."

धाकटी बोटीच्या टोकाला उभी राहिली. हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना. थोरलीने एक फोटो काढला, मग म्हणाली, "आता डावीकडून."

"तीन कशाला?"

"तुझीच पद्धत. उद्या जुळवून बघायला."

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत धाकटी दोन्ही गाल धुऊन पलंगावर पडली आणि ते तीन फोटो पुन्हा पुन्हा बघत राहिली. थोरली खिडकीशी बसली. पेन्सिलीचं टोक गेलं होतं, ते चाकूने काढलं आणि वही उघडली.

शुक्रवार, १९ मे. सुखरूप पोचलो. विमानतळावर उशीर झाला. तळं पाहिलं, बर्फ आहे. धाकटीच्या डाव्या गालावर तीळ आहे. हॉटेलच्या पांढऱ्या टॉवेलला कॉफीचा डाग पडला; थंड पाणी आणि साबण लावून काढला, खिडकीत वाळत घातला.