वडाळ्याचा शिपाई

इंग्लंडात, स्लाऊच्या आमच्या मराठी मंडळात स्वातंत्र्यदिनाला काहीतरी वेगळं करायचं, असं दर वर्षी ठरतं आणि दर वर्षी बटाटेवडे होतात. यंदा मात्र मी कंबर कसली होती. सत्याग्रहींच्या मुला-नातवंडांचा सत्कार करायचा. शोधाशोधीत कुणीतरी लंडनमधल्या हेंडनच्या एफ्राईम नवगावकरांचं नाव सुचवलं. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, वय पंचाऐंशी. तीस सालच्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांचे वडील वडाळ्याच्या मिठागरावर होते म्हणे. मी फोन केला.

“काका, मी पूर्वी, मराठी मंडळातून. तुमचे वडील वडाळ्याला होते ना?”

“होते की.”

मी लगेच नाव यादीत घातलं आणि पत्रिका छापून मोकळी झाले. पुढचा प्रश्न विचारायची अक्कल मला नव्हती. पत्रिका हातात पडल्यावर काकांचाच फोन आला. वडील तिथे होते ते मुंबई पोलिसांतले शिपाई म्हणून. हातात लाठी घेऊन.

माफी मागायला मी त्यांच्या घरी गेले. चौसष्ट साली लंडनला आलेला हा माणूस, तीस वर्षं रेल्वेचे सिग्नल दुरुस्त करत राहिला. बायको गेल्यावर मुलीकडे, लीयाकडे राहतो. अतिशय नेटका. चहात दूध घातल्यावर बाटली फ्रीजमध्ये परत ठेवल्याशिवाय तोंडातून शब्द काढणार नाही. आणि शब्द काढला की असं स्वच्छ मराठी, की मला माझीच लाज वाटली. पण ते बोलणार कुणाशी? लीयाला मराठी येत नाही.

“सॉरी काका, तुमचं नाव काढून टाकते.”

“काढू नकोस. सत्कार नको, पण मला बोलू दे. लीयाला मी एकदा इंग्रजीत सांगितलं. ‘हाऊ ऑफुल, डॅड,’ म्हणाली आणि माझा हात धरला. तिचं काय चुकलं? तिचं कुणी मार खात नव्हतं. ज्यांची माणसं मार खात होती, त्यांच्यासमोर मला हे सांगायचंय. मरायच्या आत एकदा.”

आमचे अध्यक्ष पद्माकर ऐकून हबकलेच. “पूर्वी, आर यू सीरियस? इंडिपेंडन्स डेला पोलिसवाला? लोक अपसेट होतील.”

“त्यांना तेच हवंय,” मी म्हणाले. बरीच हुज्जत घातल्यावर पाच मिनिटं मिळाली, तीही वड्यांच्या अगदी आधीची.

त्या दिवशी काका माईकसमोर उभे राहिले. हातात कागद नव्हता. वडिलांनी जसं सांगितलं होतं तसं सांगू लागले. मास्तरसारखा दिसणारा एक माणूस मुठीत मीठ घेऊन चिखलात बसला होता. मूठ उघड म्हटलं तर उघडेना. वडिलांनी बोटांवर लाठी हाणली. तो ओरडला नाही. म्हणाला, “शिपाईदादा, बोलण्यावरून तुम्ही आमच्या अलिबागकडचे दिसता.” वडील खरंच तिकडचे. ते उत्तर देणार, एवढ्यात गोरा सार्जंट जवळ आला. वडिलांनी पुन्हा मारलं, आधीपेक्षा जोरात. बोटं मोडली तेव्हा मूठ सुटली.

“पुढच्या वर्षी वडील जमादार झाले,” काका म्हणाले. “त्या बढतीवर आम्ही भावंडं शिकलो.”

टाळ्या झाल्या. आम्ही कशालाही टाळ्या वाजवतो. अनुप नावाचा आमचा एक उत्साही कार्यकर्ता उठून म्हणाला, “काका, धिस टुक सो मच करेज! फादरचा तरी काय दोष, नोकरीच तशी होती.” पद्माकर शाल घेऊन पुढे सरसावले. काकांनी ती घेतली नाही आणि माईकही सोडला नाही. त्यांचा चेहरा पार उतरला होता. लीयाने जे केलं तेच आम्ही करत होतो, एवढंच की मराठीत. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं आणि आमच्या चांगुलपणाचा राग आला.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून उल्कामावशी बोलल्या. नागपूरहून मुलाकडे आलेल्या, ऐंशी पार केलेल्या, कुणाची भीडभाड न ठेवणाऱ्या.

“त्या माणसाचं पुढे काय झालं?”

“माहीत नाही.”

“तुमच्या वडिलांनी चौकशी केली नाही?”

“नाही. कधीच नाही.”

“आपल्या मुलखातला माणूस, त्याची बोटं मोडलीत, आणि साधी चौकशी नाही? वर बढती घेतली? शरम वाटायला हवी होती त्यांना!”

पद्माकर कळवळून म्हणाले, “मावशी, प्लीज.”

काकांनी हात आडवा करून त्यांना अडवलं. त्यांचे डोळे भरले होते.

“बोला, बाई,” ते म्हणाले. “अजून बोला.”