उजवीकडून चार कोपरे

गार चहावरची साय ओठाला चिकटली की मला अजून मळमळतं. पुण्यात कॉम्प्युटरवर इमारतींचे नकाशे करणाऱ्या एका ऑफिसात मी तशीच साय पुसत होतो, तेवढ्यात साहेबांनी स्क्रीनवर मॉलचं गोलाकार छत फिरवलं. काचेचं प्रत्येक तावदान उलटं, नक्षीची बाजू आत! तावदान बसवताना चौकटीचे चार कोपरे माउसने क्रमाने टिपायचे असतात; क्रम उलटला की काचही उलटते. अन् तो क्रम मीच चुकवला होता. “कोणी केलं हे?” साहेब ओरडले. मला तिथे चिकटवणारे अकोल्याचे भाऊ कानात कुजबुजले, “चूप बस. दहावी नापास हायेस, उद्याच गावाले धाडतीन तुले.” मग मोठ्याने म्हणाले, “शेजारच्या मॅडमनी केलं असेल, सर.” मी चूप बसलो. साहेबांचा सगळा ओरडा मॅडमनी स्वतःवर घेतला. दुपारी मला शेजारी बसवून, माझं काम बघून त्यांनी विचारलं, “असे उजवीकडून का टिपतोस?” मी बोलून गेलो, “परदक्षिणा अशीच घालतात ना, मॅडम.” त्या हसल्या. “अरे, हे देऊळ नाही. उलटा फीर.” अन् एकेक तावदान माझ्याकडून सरळ करून घेतलं. आज त्याच कामावर माझं पोट भरतं. त्यांचे उपकार आठवले, की त्या दिवशी गप्प बसलेल्या माझी मलाच किळस येते.