दोष वांग्याचा नव्हता

औषध लागू पडलं नाही, तर तुम्ही आधी कोणाला दोष देता? औषधाला, की ते घेणाऱ्या बाईला?

आमच्या रिठद गावात तो बाईलाच मिळाला. ती बाई माझी आई. तिच्या छातीत कॅन्सरची गाठ होती. केमो, म्हणजे शिरेतून दिली जाणारी औषधं, सुरू झाल्यावर गाठ आधी आक्रसली, मग पुन्हा वाढली. "हे औषध आता काम करत नाही," अकोल्याच्या डॉक्टर म्हणाल्या. सविस्तर पुढच्या भेटीत बोलायचं ठरलं.

घरी मात्र कारण तयार होतं. नवसाच्या पंगतीत गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांसोबत आईनं वांग्याची भाजी खाल्ली होती.

"तुले पथ्य सांगतलं होतं ना वं?" थोरली काकू म्हणाली.

"दोन फोडी तं खाल्ल्या," आई पुटपुटली.

"दोन? वाढणाऱ्याले हाका मारून राह्यली होती तू."

ओसरीवर बसलेले सगळे हसले. आई हसली नाही. भेटीच्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "मी नाही येत दवाखान्यात. माह्यानंच बिघडलं. डॉक्टरीनबाईले कोणतं तोंड दाखवू?"

भांडून नेलं तिला. तिथं तिनं वांग्याची कबुली दिली.

"वांग्याचा काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाल्या. काही गाठींच्या पेशींत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन वाढतं. ते पेशीच्या आवरणात बसतं आणि आत शिरलेलं औषध बाहेर फेकतं. "तुमच्यात हेच झालं, असं खात्रीनं सांगता येत नाही. दुसरीही कारणं असतात. पण तुमची चूक यात कुठंच नाही."

"म्हणजे विहिरीवरची मोटार," आई म्हणाली. "मंग तिची लाइन कापा ना."

"प्रयत्न खूप झाले. भरवशाचा उपाय अजून नाही. आपण वेगळ्या प्रकारचं औषध देऊन पाहू."

उपाय नाही, याचा मला राग येतोच. त्याहून जास्त राग येतो तो आमच्या ओसरीचा. आई उपचार सोडून घरी बसली असती, तरी तिथं कोणाला काही चुकलं असं वाटलं नसतं.

नवं औषध सुरू आहे. लागू पडेल की नाही, ठाऊक नाही. सुई टोचायला आई स्वतः हात पुढे करते.

तुमच्या घरी असं झालं, तर काय खाल्लं ते विचारू नका. पुढच्या तपासणीला सोबत जा, डॉक्टरांच्या खोलीत आत शिरा आणि औषध का लागू पडलं नाही, हे रुग्णासमोर विचारा. उत्तर तिला तिच्या कानांनी ऐकू द्या.