निरगुडीच्या कुंपणातली फट

निवृत्त झाल्यावर जव्हारच्या वेशीपाशी, पाड्याला लागून मी घर बांधलं आणि हौसेनं गुलाब लावले. शेजारणीच्या शेळ्यांनी ते त्याहून हौसेनं खाल्ले. जन्मभर शाळेत शिकवलेलं, त्यामुळे ओरडायची सवय दांडगी. मी शेजारणीला ओरडायचे, ती शेळ्यांना ओरडायची आणि शेळ्या दोघींचंही ऐकत नसत. शेवटी एका पावसाळ्यात तीच कोयत्यानं निरगुडीच्या काड्या तोडून घेऊन आली.

"बाई, ही निगुड लावू. शेळ्या हिला तोंड नाय लावत."

तिनं काड्या चिखलात खोचल्या आणि सगळ्या धरल्या. खत नाही, फवारणी नाही, उन्हाळ्यात फक्त मोरीचं पाणी. बघता बघता कुंपण डोक्याच्या वर गेलं. निळसर तुरे आले की दिवसभर त्यावर मधमाश्या असत. गुलाब वाचले, पण शेजारीण दिसेनाशी झाली. ते मला फार लागलं. इतकी वर्षं ओरडल्यावर हे बोलून कसं दाखवणार?

तोड गुडघ्यांनी काढली. आमचे दोघींचेही कुरकुरणारे. ती तिच्या बाजूनं पाला तोडायची, मी माझ्या. तव्यावर गरम करून गुडघ्याला बांधायचा आणि उरलेला सुकवून तांदळाच्या डब्यात टाकायचा, म्हणजे किडे होत नाहीत. हाताला येईल तिथंच तोडत गेलो आणि त्या जागी चांगली फट पडली. मग रोज दुपारी तिथंच आमची बैठक. तिच्याकडून नागलीची भाकर यायची, माझ्याकडून चहा जायचा. एखादी शेळी मध्येच डोकं घालायची. मी तिला शिव्या घालायचे, पण फट बुजवू या, असं काही म्हणायचे नाही.

गेल्या दिवाळीनंतर ती मुलगा-सुनेबरोबर वीटभट्टीवर गेली. एरवी ती घरीच राहायची, पण यंदा सुनेच्या पदरात तान्हं पोर होतं, त्याला सांभाळायला कुणी नको का? शेळ्या नणंदेकडे गेल्या, दाराला कडी लागली. ठाण्याहून माझ्या मुलाचा रोज फोन, "आई, एकटी कशाला राहतेस, इकडे ये." कुंपणाला पाणी कोण घालेल, असं म्हणून मी विषय बदलायचे.

होळीच्या सुमारास बघते तर फट बुजत आलेली. दोन्ही बाजूंनी कोवळे कोंब एकमेकांत शिरले होते. ही परत येईल आणि आम्ही पुन्हा एकमेकींना दिसणार नाही, या विचारानं मला चैन पडेना. मग मी रोज सकाळी तिथले कोंब तोडायला लागले. गुडघे तेव्हा उत्तम होते, डब्यांतही पाला भरपूर होता. तरी तोडत राहिले.

पाऊस तोंडावर आला तेव्हा ती परतली. उन्हानं रापलेली, नातू कडेवर, डोक्यावरचं बोचकं अजून खाली ठेवलेलं नाही, आणि थेट फटीपाशी. ताज्या तुटलेल्या काड्यांवरून तिनं हात फिरवला.

"लय दुखत होते काय गुडघे?"

"लय," मी म्हटलं.

तिनं नातू माझ्याकडे दिला, जाऊन चूल पेटवली, पाला गरम करून आणला आणि माझे ठणठणीत गुडघे एकेक करून घट्ट बांधून दिले. मी पोर मांडीवर घेऊन मुकाट्यानं पाय पसरून बसले.