दोन वाजताचा खोकला

आमच्या मुलाला दोन वर्षं पूर्ण झाली, त्या हिवाळ्यात रात्रीचे दोन ते चार हे दोन तास मी जितक्या जवळून पाहिले तितके पुन्हा कधी पाहिले नाहीत. अमेरिकेतल्या बॉथेल गावातलं आमचं अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर होतं. बाल्कनीसमोर फरची उंच, सूचिपर्णी झाडं होती आणि ऑक्टोबरपासून त्यांच्यावरून सतत पाणी ठिबकत असायचं. पाऊस थांबला तरी झाडं थांबायची नाहीत. त्या ठिबकण्यात, मी झोपेच्या पार तळाशी असताना, तो आवाज यायचा. कोरडा, खोल, एवढ्याशा छातीत मावणार नाही असा खोकला. एकदाच. मग थोडी शांतता, त्यात मी देवाला सांगून टाकायचो की बास, एवढा एकच होता. मग दुसरा, तिसरा, आणि मग उठून बसलेल्या पोराची हाक, "बाबा."

हाक बाबालाच, कारण रात्रपाळी माझी होती. बायको एका बायोटेक कंपनीच्या लॅबमध्ये होती, तिला सकाळी सहाला घर सोडावं लागायचं. मी सॉफ्टवेअर टेस्टर. दहाच्या आधी ऑफिसात कुणी माझी वाट बघत नव्हतं, आणि दहानंतरही फारसं नाही. वाटणी रास्तच होती, तरी पहिल्या आठवड्यात मी भरपूर चिडचिड करून घेतली. माझा स्वभावच तसा आहे. पोराच्या खोकल्यावर चिडता येत नाही, म्हणून मी उशीवर, चपलांवर आणि हवा दमट ठेवणाऱ्या नव्या ह्युमिडिफायरवर चिडायचो.

मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर गोडीही लागली. त्याला कडेवर घेऊन मी बाथरूममध्ये जायचो, दार लावायचो, दिवा बंदच ठेवायचो आणि शॉवर कढत पाण्यावर सोडायचो. टबच्या काठावर आम्ही दोघं. वरच्या छोट्या खिडकीतून पार्किंगमधल्या दिव्याचा नारिंगी उजेड यायचा आणि वाफ त्यात वर चढत जायची. त्याने वाफेचं नाव ढग ठेवलं होतं. "बाबा, ढग कर." मी ढग करायचो. ढगात आधी आरसा दिसेनासा व्हायचा, मग दार, मग आमचे पाय. मी त्याला एका अस्वलाची गोष्ट सांगायचो. ते अस्वल रोज रात्री आमच्या बाल्कनीखाली यायचं आणि खोकायचं नाही. एवढीच गोष्ट.

"का नाही खोकत?" तो विचारायचा.

"झोपलंय ते," मी म्हणायचो, आणि कधीकधी माझाच डोळा लागायचा. जाग आणि झोप यांच्यात काही फरकच उरला नव्हता. कितीदा तरी वाटायचं, आपण अमेरिकेतही नाही आणि पुण्यातही नाही, आपण फक्त या काठावर आहोत आणि मांडीवर हे गरम, ओलसर ओझं आहे. साडेतीनच्या सुमाराला खोकला उतरायचा. त्याची मान माझ्या खांद्यावर पडायची. मी तसाच बसून राहायचो, नळ बंद करायचंही सुचायचं नाही.

दिवसा मात्र यात स्वप्नवत वगैरे काही नव्हतं. डेकेअरमधून फोन यायचे, तो खोकतोय, घेऊन जा. बायकोच्या सुट्ट्या संपल्या, माझ्या संपत आल्या. मी मीटिंगमध्ये उभ्या उभ्या पेंगायला लागलो. आणि मग आमच्या ओळखीच्या तीन घरांत आधीच निघालेला विषय आमच्याकडेही निघाला. पोराला वर्षभर इंडियात पाठवायचं का?

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. सासऱ्यांना जाऊन वर्ष झालं होतं. जानेवारीत त्या पुण्याला परत जाणार होत्या, तेव्हा नातवाला सोबत न्यायचं ठरलं. "तिकडची हवा मानवेल त्याला," त्या म्हणाल्या. "कोरडी हवा, स्वच्छ ऊन. महिन्याभरात खोकला पळतो की नाही बघा तुम्ही." त्याचंही तिकीट काढलं. दिवसाउजेडी मला ते अगदी पटायचं. रात्री टबच्या काठावर मात्र पटायचं नाही. वर्षभरातल्या एकाही रात्री तो मला हाक मारणार नव्हता.

सासूबाईंनी आपल्या परीने खोकल्याविरुद्ध लढाई पुकारलेली होतीच. आल्याचा रस, मध, छातीला कोमट तेल, पायांत मोजे, डोक्याला कानटोपी. आणि रोज संध्याकाळी धुरी. इलेक्ट्रिक शेगडीवर लोखंडी तवा तापवायचा, त्यावर ओवा, लसणाच्या साली आणि चिमूटभर ऊद टाकायचा, धूर सुटला की तवा बेडरूममध्ये नेऊन खोलीभर फिरवायचा. पहिल्या दिवशी स्मोक अलार्म असा काही बोंबलला की खालच्या मजल्यावरचे गोरे आजोबा काठी टेकत वर आले. दुसऱ्या दिवशी मीच खुर्चीवर चढून अलार्मला हॉटेलातून आणलेली प्लास्टिकची शॉवर कॅप घातली. खिडक्या बंद, दाराच्या फटीला टॉवेल. धूर वाया जायला नको. मग त्या खोलीत पोराला झोपवायचं. ओव्याचा तो वास मला फार आवडायचा. लहानपणी आजारी पडलो की आमच्या घरीही हाच वास असायचा.

डॉक्टरांकडे आम्ही तीनदा गेलो. डॉक्टरीणबाई छाती तपासून म्हणायच्या की लंग्ज क्लिअर आहेत. आणि दर वेळी विचारायच्या, "डझ एनीवन स्मोक इन द हाउस?"

आम्ही दोघं एका सुरात "नो" म्हणायचो. बायको तर जरा दुखावूनच म्हणायची. तिच्या माहेरी कुणी कधी साधी विडीही ओढली नव्हती.

डिसेंबरच्या मध्याला वादळ झालं. रात्रभर फरची झाडं करकरत होती, कुठेतरी एक मोडून पडल्याचा आवाज आला आणि सगळं अंधारलं. सकाळी कळलं की निम्म्या गावाची वीज गेली आहे आणि ती कधी येईल ते कुणालाच माहीत नाही. आमच्या घरात गॅस नव्हता. शेगडी बंद, हीटर बंद, कढत पाणी बंद. सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्या थंडीत हे खोकणारं पोर कसं निभावणार? माझा जीव तर टांगणीलाच लागला होता, कारण आता ढगही करता येणार नव्हता.

आम्ही सगळे हॉलमध्ये गाद्या टाकून झोपलो. अंगात स्वेटर, वर जॅकेट, त्यावर घरातली होती नव्हती ती पांघरुणं. बाल्कनीचं सरकतं दार वादळाने जरा वाकलं होतं, त्यातून गार वारा येत होता. फ्रिजची घरघर नाही, हीटरची टिकटिक नाही, रस्त्यावर दिवा नाही. इतका अंधार मी अमेरिकेत पहिल्यांदाच पाहत होतो. त्या अंधारात तिघांचे श्वास वेगवेगळे ऐकू येत होते. सासूबाईंचा थोडा घोगरा, बायकोचा लांब, पोराचा भरभर. मी दोन वाजायची वाट बघत पडलो होतो.

दोन वाजले असतील. मग तीन. घड्याळ दिसत नव्हतं. एकदा मला वाटलं की तो खोकला, पण तो आवाज माझ्या स्वप्नातला होता. मी हात पुढे करून त्याच्या छातीवर ठेवला. ती शांतपणे वरखाली होत होती. नाकाचा शेंडा गार पडला होता आणि तो खुशाल झोपला होता. बाहेर धुकं उतरलं, मग ते हळूहळू करडं झालं, आणि सकाळ झाली. मी रात्रभर जागा होतो आणि त्याने मला एकदाही हाक मारली नव्हती. आनंद व्हायला हवा होता. मला आधी भीतीच वाटली.

दुसरी रात्रही तशीच गेली. तिसरीही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी वीज आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पोराने सर्वांत जोरात. सासूबाईंनी आधी चहा टाकला आणि लगेच दुसऱ्या शेगडीवर तवा ठेवला. "तीन दिवस धुरी चुकली बिचाऱ्याची," त्या म्हणाल्या. खोली धुराने भरली, खिडक्या बंद झाल्या, आम्ही हॉलमधून आपापल्या खोल्यांत परतलो.

रात्री दोनला खोकला आला. टबच्या काठावर बसून मी त्याच्या केसांत नाक खुपसलं, आणि केसांना ओव्याचा वास येत होता.

चुका शोधून काढायचा मला पगार मिळतो. एक गोष्ट काढून बघायची, मग तीच परत घालून बघायची, एवढंच माझं काम. ऑफिसात जे मला दहा मिनिटांत सुचलं असतं, ते घरात कळायला दोन महिने आणि एक वादळ लागलं. शॉवर कॅप मीच घातली होती. तीनदा "नो" मीही म्हणालो होतो. मांडीवर पोर खोकत होतं आणि मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटत होतं.

पहाटे बायकोला सांगितलं. ती बराच वेळ बुटाची नाडी हातात धरून बसली.

"आईला तू सांग," ती म्हणाली. "मी सांगितलं तर भांडण होईल यार."

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. सासूबाई लसूण सोलत होत्या, पाकळ्या एका वाटीत आणि साली दुसऱ्या वाटीत. साली संध्याकाळसाठी. क्षणभर वाटलं, जाऊ दे. तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. मग जाणवलं की तीन आठवड्यांनी माझं पोरच जाणार आहे.

"आई, आजपासून धुरी नको देऊ या," मी म्हणालो. "वीज नव्हती त्या तीन रात्री तो खोकला नाही. काल धुरी दिली आणि खोकला."

त्यांनी मान वर केली नाही. "माझ्या तिन्ही मुलांना दिलीय मी धुरी."

"तेव्हा तुमच्या घराच्या खिडक्या उघड्या असायच्या ना. इथे आपण फटीसुद्धा बुजवतो. धूर जाणार कुठे?"

त्यांनी आणखी दोन पाकळ्या सोलल्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मीच त्याला खोकवत होते?"

"आपण सगळेच," मी म्हणालो. ते खरंच होतं, पण त्याने त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी सालींची वाटी उचलली, कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली आणि ती बराच वेळ घासत राहिल्या.

मी डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. शॉवर कॅपपाशी आलो तेव्हा त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या की कॅप आजच काढा.

त्यानंतर खोकला एकदम गेला नाही. पण चार रात्रींनी तो एकदाच खोकून झोपला, आणि नाताळाच्या सुट्टीपर्यंत हाक येणं बंद झालं. मला मात्र दोनला जाग यायचीच. अशाच एका रात्री पाणी प्यायला उठलो तर सासूबाईंच्या खोलीत दिवा होता. पलंगावर बॅग उघडी होती. त्यातून त्या पोराचे कपडे काढून घड्या घालत होत्या.

"त्याचं तिकीट कॅन्सल करा," मला बघून त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता कशाच्या जोरावर नेऊ मी त्याला?" मी दारातच उभा राहिलो. "सोसायटीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, नातू येणार म्हणून. त्याच्या आजोबांची खोली रिकामीच आहे. वाटलं होतं, निदान वर्षभर तरी घरात कुणी हाक मारेल."

दोन महिने टबच्या काठावर बसून जी भीती मला वाटत होती, ती त्यांच्या घरात आधीच राहायला आली होती. आणि मी माझी सोडवणूक करून घेताना त्यांची वाट बंद केली होती. मी एवढंच म्हणालो, "आम्ही घेऊन येऊ आई त्याला. उन्हाळ्यात नक्की."

"खोकला नसला तरी आणा," त्या म्हणाल्या.

त्या उन्हाळ्यात ग्रीन कार्डाचे कागद अडकले आणि वकिलाने देश सोडू नका म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी बायकोने नोकरी बदलली. सासूबाईंचा दर रविवारी फोन असायचा. मुलगा डेकेअरमधून प्रीस्कूलमध्ये गेला आणि त्याचं मराठी कधी मागे पडलं ते आम्हाला कळलंही नाही. त्याला ठेवून घेतलं याचा मला तेव्हाही पश्चात्ताप नव्हता, आजही नाही. फक्त फोन त्याच्या हातात देताना मी खिडकीबाहेर बघायचो.

आम्ही पुण्याला गेलो तेव्हा तो चार वर्षांचा झाला होता. सासूबाई दारातच उभ्या होत्या. भाकरतुकडा ओवाळून टाकून त्यांनी त्याला घ्यायला दोन्ही हात पुढे केले. तो माझ्या पायाला धरून मागे सरकला, त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "आर यू द आजी फ्रॉम द फोन?"

"हो रे राजा," त्या म्हणाल्या, "तीच मी." आणि पुढे केलेले हात त्यांनी हळूच पदराला पुसले.