एस्तरबाईच्या वाट्याचं वचन

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. पाळकसाहेबांपाशी नाही, लेकीपाशी नाही, आणि प्रार्थनेत — प्रार्थनेत तर मी या गोष्टीला वळसाच घालते, गल्लीतलं चावरं कुत्रं दिसलं की आपण पलीकडून जातो ना, तसा. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. बसा जरा.

शेवगावकडच्या आमच्या लहानशा मंडळीत नाताळची उपासना झाली की वचनं काढतात. शास्त्रातलं एकेक वचन कागदाच्या पट्टीवर लिहायचं, सुरळी करून दोरा बांधायचा, सगळ्या सुरळ्या परातीत ठेवायच्या. ज्याच्या हाती जी येईल ती देवानं त्याला वर्षभरासाठी दिली, असं आम्ही मानतो. मानतो म्हणजे — त्यावर लग्नं ठरलीत, लोकांनी बदल्या नाकारल्यात. माझी शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर वळणदार. त्यामुळे सुरळ्या लिहायच्या मीच आणि परात फिरवायची तीही मीच.

एस्तरबाई माझी मैत्रीण. दवाखान्यात नर्स होती; भावंडांना मार्गी लावता लावता लग्न राहून गेलं. आणि वसंतसर म्हणजे रिटायर झालेले मास्तर, बायको वारलेली, चर्चमध्ये पेटी वाजवायचे. लांब बोटं, शर्टाला कडक इस्त्री. मी विधवा होऊन तेव्हा वीस वर्षं उलटलेली. तरी दर रविवारी पेटीच्या बाजूच्या पहिल्या बाकावर बसायचे. का बसायचे? तेव्हा स्वतःला विचारलंच नाही. दर उन्हाळ्यात कैरीच्या लोणच्याची बरणी त्यांच्या घरी जायची, ती माझी. "मावशी, तुमच्या हाताला तोड नाही," म्हणायचे. मावशी! माझ्याहून दोन वर्षांनी मोठा माणूस.

पाच नाताळ झाले त्याला. आम्ही दोघी माझ्याकडे करंज्या करायला बसलो होतो. एस्तरबाई एकाच करंजीची कड पुन्हा पुन्हा मुरडत होती. मग हळूच बोलली. सर मुलाकडे श्रीरामपूरला कायमचे निघालेत, नाताळच्या दुसऱ्या दिवशी. त्यांनी तिला विचारलंय — लग्न करून माझ्याबरोबर येतेस का म्हणून.

"अक्का, लोक हसतील गं या वयात," ती म्हणाली. "पन मला जायचं हाय." आणि लगेच घाबरली. म्हणाली, मी देवावर सोडते. नाताळला जे वचन हाती येईल ते सांगेल तसं.

माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? लोणचं माझं, आणि मागणी तिला!

तोंडानं मात्र म्हटलं, बरं झालं बाई. त्यानंतरचे आठ दिवस मी नुसती तिला बघत होते. तिनं चष्म्याची नवी फ्रेम घेतली. हिरवी साडी काढून इस्त्रीला दिली. गायनाच्या सरावात तिचा फाटका आवाज मागं पडला की पेटी थांबायची — तिच्यासाठी थांबायची! हे आधी कधी कानावर कसं आलं नाही माझ्या? की आलं होतं?

एस्तरबाईची एक सवय सगळ्या मंडळीला ठाऊक. सगळ्यांचं झाल्याशिवाय ती परातीत हात घालायची नाही. उरलेली सुरळी तिची. मला तेवढंच पुरलं.

मी एक सुरळी वेगळी लिहिली — आहेस तिथेच स्थिर राहा, अशा अर्थाचं वचन — आणि नाताळच्या सकाळी मुठीत धरून गेले. परातीत शेवटची एक उरली, तेव्हा ती उचलून माझी ठेवली. किती सोपं होतं ते. पापाला फार काही करावं लागतं, असं मला वाटायचं.

तिनं दोरा सोडला. वाचलं. सर पेटीपाशी उभे राहून तिच्याकडेच बघत होते. तिनं नुसती मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी खाली बसून पेटीचा भाता लावला, सावकाश. दुसऱ्या दिवशी एसटीनं गेले.

आणि मी? त्या दुपारी पोटभर जेवले. आठ दिवसांत पहिल्यांदा अन्न गोड लागलं.

उचललेली सुरळी घरी येऊन उघडली. त्यात जा नव्हतं, राहा नव्हतं. रोजच्या भाकरीबद्दल आभार माना, एवढंच. पण ज्याला जायचंच असतं त्याला तेही जा म्हणतं. ती गेली असती.

गेल्या वर्षी सर वारले. बातमी घेऊन एस्तरबाई माझ्याकडेच आली — दुसरीकडे कुठं जाणार? म्हणाली, "देवानं सांभाळलं ना गं मला? गेले असते तर आज रडत परत आले असते. वसंतनं एकट्यानंच काढली सगळी वर्षं."

तेव्हा सांगता आलं असतं. शब्द ओठावर आलेही होते. पण ती वसंत म्हणाली — सर नाही, वसंत — आणि माणूस मातीत गेलेला असूनही ते नाव तिच्या तोंडी मला सोसलं नाही.

"व्हय गं," मी म्हटलं. "देवानंच सांभाळलं."

सर श्रीरामपुरात चार वर्षं जगले. ती वर्षं त्या दोघांची होती. ती मी घेतली, आणि नाव देवाचं लावलं.