शोभाचा गुडघा, मनालीचा बर्फ आणि दाराबाहेरचे बूट

"गुडघा बरा हाय तोवर एकदा बर्फ बघून येऊ," शोभा म्हणाली. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, फिरा, पण पडू नका. म्हणून तिकिटाआधी मी बुटांमागं लागलो. सहल नेणाऱ्याला विचारलं, तर म्हणतो, "काका, कोणतेही बूट चालतात." कोणतेही! दर हिवाळ्यात माणसं नेतो आणि असं बेफिकीर बोलतो!

सेनगावहून एसटीनं हिंगोली गाठली. युसूफभाईच्या दुकानात मी जोडामागून जोड उलटा करून पाहत होतो.

"दादा, बूट घेऊन राहिले का बैलाचे दात बघून राहिले?" युसूफभाई हसला.

हसू द्या. तळवा मऊ रबराचाच हवा, अंगठ्याचं नख त्यात रुतलं पाहिजे. खाचा खोल, कडा धारदार. बूट घोट्याच्या वर, आणि लोकरीच्या मोज्यासाठी एक नंबर मोठा. थंडीत रबर कडक होतं का, हे पाहायला मी घेतलेल्या दोन्ही जोडांतला एकेक बूट घरी पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला. शोभा तणतणली, "दुधाच्या वर बूट? काई लाज?" एक जोड दगडासारखा निघाला. युसूफभाईनं तो बदलून दिला.

नांदेडहून दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढं रात्रभर बस. मनालीत बर्फाचे गमबूट दीडशे रुपये भाड्यानं मिळतात, घेऊ नका. तळवे घासून गुळगुळीत झालेले. आमच्यातले लोक ते घालून धपाधप पडत होते आणि सहलवाला हसत व्हिडिओ काढत होता! माझं डोकं फिरलं. शोभा मात्र माझा हात सोडून गोठलेल्या रस्त्यावर एकटी चालली. त्या दिवशी माझी छाती फुगली होती.

संध्याकाळी आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीण म्हणाली, "भाईसाहब, जूते अंदर रख लो, बाहर जम जाएँगे."

मी ताठ. "हमारे यहाँ जूते घर में नहीं आते."

ओले बूट दाराबाहेर ओळीत लावले, जसे सेनगावात लावतो.

सकाळी दुसऱ्याच पायरीवर शोभा घसरली. मी मालकिणीवर ओरडलो, "पायरी पे राख काहून नहीं डाली?" मग शोभाचा पाय मांडीवर घेतला आणि बुटाचा तळवा दिसला. खाचांतलं पाणी गोठून बुटाखाली सपाट काच झाली होती. मी निवडलेली एकही कड जमिनीला लागत नव्हती.

गुडघा वाचला. मनगट सुजलं. मालकिणीनं हळद-तेल गरम करून आणलं. तिनं दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा जाणाऱ्यांनो, बूट नीट पारखून घ्या आणि रात्री खोलीत, कागदावर, कोरडे होऊ द्या. पद्धत बिद्धत गावाकडं ठेवा.

घरी येऊन आठवडा झाला. सहलवाल्यावरचा राग तसाच आहे, माझ्यावरचा त्याहून जास्त. शोभाच्या हाताला पट्टी, म्हणून चहा मी करतो. आज दुधासाठी फ्रीज उघडला, तर मागून आवाज आला, "फ्रीजमधी चालले तुमाला बूट. खोलीत न्हाई चालले."

दूध उतू गेलं, तेही मीच पुसलं.